कोवळ्या मनगटाला बंद

झाकण पुन्हा किंचाळलं. पिठात रुतलेला हात तसाच ठेवून कौसाबाईने सुनेकडे पाहिलं.

"आगं, हात हायत का काड्या? दाब की नीट!"

ईश्वरी नीटच दाबत होती. स्पिरिटच्या कॅनवर तळवा रोवून, ओठ दाताखाली धरून ती सगळा भार झाकणावर टाकत होती आणि झाकण दर खेपेला लाल दिवा लावून टिटवीसारखं ओरडत होतं. उजाडायला अजून अवकाश होता. शेजारच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, कोणीतरी खुसखुसलं. त्याच्या पलीकडच्या कोपीतून एका बाईने विचारलं, "कुणाचं लेकरू झाकणाला लागलंय गं?"

"लेकरू न्हाई, माझी सून हाय!" कौसाबाई बसल्या जागेवरून खेकसली. "झोपा गुमान!"

तिने हात लुगड्याला पुसला, सुनेला कोपराने बाजूला सारलं आणि स्वतःचा पंजा झाकणावर ठेवला. हिरवा दिवा लागला आणि मघापासून हटून बसलेलं झाकण गरीब गाईसारखं फिरलं. झाकणात काही बिघाड नव्हता. मग बिघाड कुठे आहे ते तिला तत्काळ उमगलं, आणि उमगलेलं तिने तसंच गिळून टाकलं.

"शेगडी पेटव," ती म्हणाली. "आन ह्याच्यापुढं ह्या कॅनला हात लावू नगंस."

बाहेर तिचा लेक बिभीषण दगडावर कोयत्याला धार लावत होता. लग्न होऊन त्याला महिनाही झाला नव्हता. "माय, काय झालं?" त्याने विचारलं.

"काय न्हाई. झाकण कडक हाय."

आख्ख्या साखर कारखान्याच्या हद्दीत हे खोटं बोलायचा हक्क नसलेली एकच बाई होती आणि ती कौसाबाई होती. कारण हे झाकण तिच्याच हट्टाने आलं होतं.

या गोष्टीच्या काळी उसाचे मोठाले सपाट फड यंत्रं तोडत होती. उतारावरचा, चिखलातला, बांधाबांधाच्या तुकड्यांतला ऊस मात्र अजून माणसांच्याच माथी होता. त्यासाठी बीडकडून टोळ्या यायच्या आणि कारखान्यामागच्या माळावर कोप्या ठोकून हंगामभर राहायच्या. जळणाला लाकूड तोडायची बंदी, कोपीत गॅस ठेवायची बंदी. म्हणून कारखाना त्यांना मळीपासून काढलेलं स्पिरिट शेगडीसाठी द्यायचा. कोणी पिऊ नये म्हणून त्यात विष कालवलेलं असायचं. दिसायला ते पाण्यासारखं नितळ होतं.

दोन हंगामांपूर्वी कौसाबाईच्या लेकीचा, भामाचा, चार वर्षांचा विराज उन्हातून खेळून आला आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवलेलं स्पिरिट घटाघटा प्याला. संध्याकाळी त्याला दिसेनासं झालं. सकाळी तो गेला. भामा तेव्हापासून तोडीला आलीच नाही. कौसाबाई मात्र कारखान्याच्या फाटकात जाऊन बसली, ती उठेचना. साहेब आले, पुढारी आले, पोलीस आले. त्या सगळ्यांच्या आयमायचा तिने उद्धार केला. "तुमच्या साखरंच्या पोत्याला दोन शिलाया घालता आन आमच्या लेकराच्या मरणाला साधं बूच बी नीट न्हाई व्हय?" हे तिचं वाक्य मोबाइलवर राज्यभर फिरलं, आणि घरगुती इंधनाच्या कॅनला लेकरांना उघडणार नाही असं झाकण लावण्याचा नियम झाला.

पहिली झाकणं साधी होती. खाली दाबा आणि फिरवा. ती कुचकामी ठरली. शहरात लेकरू म्हणजे तीन-चार वर्षांचं पोर. कोप्यांत आईबाप फडावर गेले की आठ-नऊ वर्षांच्या पोरी शेगडी पेटवून धाकट्यांना भाकरी घालायच्या. त्यांना ती झाकणं सहज उघडायची. उलट कोयता धरून बोटं आखडलेल्या त्यांच्या आयांनाच ती जमेनात, म्हणून बायका ती नुसती वर ठेवायच्या.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून मेघना टिळेकर नावाची बाई माळावर आली. आठवडाभर कोप्यांतून हिंडली, आणि सहा महिन्यांनी नवं झाकण घेऊन परत आली.

"काकू, जोर नाही बघायचा," तिने कौसाबाईला समजावलं. "जोर तुमच्या नऊ वर्षांच्या पोरीतही आहे. हाड बघायचं."

झाकणाच्या कडेला मनगट टेकायला एक खाच होती. तळवा ठेवून दाबलं की मनगट आपसूक खाचेत बसायचं. त्या दाबाने आतला स्फटिक चेपला जाऊन चिमूटभर वीज निघायची, गॅसच्या लायटरमध्ये ठिणगी पडते तशीच. तेवढ्या विजेवर कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा एक ठोका मनगटाच्या हाडातून आरपार जायचा. वाढत्या वयात लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची मऊ चकती असते. हाड तिथूनच वाढतं. घट्ट हाडातून ध्वनी वेगाने धावतो, कूर्चेत तो रेंगाळतो. वाढ संपली की त्या चकतीचंही हाड होतं आणि ध्वनीला रेंगाळायला जागा उरत नाही. मुलींचं हे साधारण सोळाच्या आसपास, मुलांचं त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी. ध्वनी रेंगाळला की झाकण ओरडणार. धावला की उघडणार. सेल नको, चार्जिंग नको, कागद नको.

"म्हंजी ह्याला फशिवता येत न्हाई?" कौसाबाईने विचारलं होतं.

"वाढत्या हाडाला हे उघडणारच नाही."

त्या दिवशी कौसाबाईने त्या बाईच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती.

आता त्याच झाकणाने तिच्या घरातलं माणूस दाखवून दिलं. ऊसतोडीत एकट्याला कोणी विचारत नाही. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता, आणि मुकादम असे कोयते मोजून टोळी उभी करतो. नवऱ्याने तोडायचं, बायकोने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकायच्या. कौसाबाईचा नवरा गेल्यावर ती लेकासोबत कोयत्याला उभी राहिली होती. यंदा तिचे गुडघे बोलायला लागले, तसं मुकादम लिंबाजीने सांगितलं, "बिभीषणाला जोडी बघा, न्हाईतर राहू द्या." म्हणून घाईघाईने पोरगी आणली. नवरीचं वय विचारणं त्या भागात असभ्यपणाचं समजतात. पोरीचा बाप अंकुश एकोणीस म्हणाला, कौसाबाई बरं म्हणाली.

माणसं फडावर गेली की कौसाबाई माळावरची सगळी लहान पोरं सांभाळायची. त्या दुपारी गुडघ्याला तेल चोळायच्या निमित्ताने तिने सुनेला मागे ठेवून घेतलं.

"किती वर्साची हायेस? खरं सांग. खोटं बोललीस तर कानफाट फोडीन."

ईश्वरीने तेलाची वाटी खाली ठेवली. "आठवी झाली. नववीला चालले व्हते."

चौदा. कौसाबाईने वाटी भिरकावली. "मंग तोंड शिवलं व्हतं का तुजं? मांडवात सांगाया काय झालं?"

"कुणी इचारलंच न्हाई."

कौसाबाई जास्तच चिडली. भांडी पांढरी घासली नाहीत म्हणून तिने संध्याकाळपर्यंत सुनेला फैलावर घेतलं. पोरीला परत पाठवावी तर कोयता मोडतो आणि लेकाचा हंगाम जातो. ठेवावी तर रोज पहाटे शेगडीपाशी हे नाटक. तिने ठरवलं, कॅन आपण उघडायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं.

आपण काही पाप करत नाही, निदान पोरं तरी वाचतात, असं ती मनाला सांगत राहिली. ते तिला पटतही होतं, आणि तेवढ्यापुरता तिला स्वतःचा रागही येत होता.

हे सोंग फार दिवस टिकलं नाही. एका दुपारी पांघरुणं उन्हात घालताना गोधडीच्या घडीतून कोल्ड्रिंकची बाटली घरंगळली. आत पाणी दिसत होतं. कौसाबाईने बूच काढून वास घेतला मात्र, तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बिभीषण फडावरून आला तेव्हा ती कोपीच्या दारात बाटली घेऊन उभी होती. "ही कुणी भरली?"

"म्या," तो म्हणाला. "तू रोज कॅन उघडायलीस, समदे हसायलेत. लिंबाजी बी म्हणला, बाईल आणलीस का बाहुली? तिला सैपाकाला लागतंय तेवढं काढून ठिवलं. त्यात काय बिघडलं?"

टोळीतल्या सगळ्यांसमोर कौसाबाईने त्या दाढी आलेल्या लेकाच्या मुस्काटात दिली. "भामाच्या लेकराला इचार काय बिघडलं! जा, मसणात जाऊन इचार!"

बिभीषण गाल धरून गुरगुरला. "मलाच काय हाणायलीस? जाऊन बघ की समद्यांच्या कोपीत!"

ती गेली. गुडघे बोंबलत असताना ओळीतली एकेक कोपी तिने उचकली. बायकांनी शिव्या घातल्या, एकीने तिचे केस धरले, पण ती हटली नाही. ज्या ज्या कोपीत नवी सून होती त्या त्या कोपीत बाटली होती. पिठाच्या डब्यामागे, देवाच्या पाटाखाली, लेकराच्या झोळीच्या दोरीला बांधलेली. ज्यांच्या सुनांचं मनगट झाकणाला पटत नव्हतं त्यांनी सगळ्यांनी आपापल्या अकलेने एकच तोडगा काढला होता, आणि माळ पुन्हा पहिल्याइतकाच जीवघेणा झाला होता. कौसाबाईने बाटल्या मातीत उपड्या केल्या. तिला रडू येत होतं, पण इतक्या जणांसमोर रडणं तिला जमण्यातलं नव्हतं.

"कौसे, तुझं झाकणच आमच्या मुळावर उठलंय," केस धरणारी बाई म्हणाली. "साधं बूच असतं तर कशाला बाटल्या भराव्या लागल्या असत्या?"

हा सूर लिंबाजी मुकादमाने बरोबर उचलला. त्याने कारखान्याला कळवलं, झाकणं सदोष आहेत, मोठ्या बायांनाही उघडत नाहीत. कारखान्यालाही ही कटकट नकोच होती. दोन दिवसांनी शेतकी अधिकारी आले, पुण्याहून मेघना टिळेकरला बोलावलं आणि माळावर सगळ्या टोळीला गोळा केलं.

लिंबाजी पुढे झाला. अंगावर पांढरेशुभ्र कपडे, आवाजात लोणी. "साहेब, आमी अडाणी माणसं. पण ज्या कौसाबाईनं हे झाकण आणलं, तिच्याच सुनंला उघडंना. यापरीस दुसरा पुरावा काय द्यायचा? इचारा तिलाच."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने मान डोलावली असती तर काम झालं असतं. ईश्वरी एकोणीस वर्षांचीच राहिली असती, लेकाचा कोयता टिकला असता, ओळीतल्या बायांनी रात्रीपासून पुन्हा बोलायला सुरुवात केली असती. आणि उद्यापासून कॅनवर साधी बुचं आली असती. समोरच मातीत पाच-सहा पोरं बसून चिखलाची भांडी मांडत होती. ही तिचीच पोरं होती, दिवसभर तिच्या अंगाखांद्यावर असणारी.

"माय," बिभीषण दात आवळून म्हणाला, "हो म्हण."

"काकू, झाकणात दोष आहे का?" मेघनाने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

 कौसाबाईने बायकांच्या घोळक्यात हात घालून ईश्वरीला बाहेर ओढलं, कॅनपाशी आणलं आणि तिचं मनगट धरून खाचेत दाबलं. झाकण किंचाळलं. पोरगी हात सोडवायला धडपडली तरी कौसाबाईने सोडला नाही. पुन्हा दाबला, झाकण पुन्हा किंचाळलं.

"ऐका!" ती ओरडली. "झाकण खोटं बोलत न्हाई. ही चौदा वर्साची हाय. खोटं आमी बोललो. तिचा बाप बोलला, म्या बोलले, हा मुकादम बोलला. झाकण काढायचं न्हाई!"

झाकणं राहिली. बाकी काही राहिलं नाही. पोलिसांची गाडी आली. ओळीतल्या सात सुना माहेरी गेल्या आणि सात कोयते मोडले. बिभीषण काही महिने आत राहून जामिनावर सुटला. घरी आल्यावर तो आईला हाक न मारता जेवायला मागायचा. गावात लोक कौसाबाईला बघून थुंकायचे. ईश्वरीला शाळेत घालायच्या अटीवर तिच्या बापाच्या हवाली केलं. जीपमध्ये बसताना पोरीने सासूकडे असं पाहिलं, की कौसाबाईनेच नजर वळवली. आपण पोरीला सोडवलं, असं ती पुढे बऱ्याच वेळा स्वतःशी बोलली. ते पाहणं काही सोडवल्यासारखं नव्हतं.

दोन वर्षांत ते झाकण राज्यभर पसरलं. रॉकेल, डिझेल, थिनर, शेगडीचं स्पिरिट, घरात येणाऱ्या प्रत्येक ज्वलनशील डब्यावर. दवाखान्यात विष पिऊन येणारी पोरं खरोखरच कमी झाली. मेघनाला बक्षीस मिळालं.

आणि मग पोरी बघायला गेलेल्या पाहुण्यांपुढे चहापोह्यांच्या आधी स्पिरिटचा कॅन येऊ लागला. कोणी प्रथम आणला ते कळलं नाही. पोरीने पाटावर बसायचं, पंजा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की पाहुण्यांनी माना डोलवायच्या. जन्मदाखला खोटा करता येतो, झाकण नाही. लोकांना हे फार पटलं. "आमची झाकणाला आली," असं बाप कौतुकाने सांगू लागले. कोणी अठराचा कायदा काढलाच तर त्याला उत्तर तयार असायचं, की झाकण सरकारचंच आहे.

कौसाबाईने मेघनाला फोन लावून तिची खरडपट्टी काढली. "तुमचं झाकण पोरी वाटायलंय गावोगाव! पंधरा-सोळा वर्साच्या!"

"काकू, हाडाला अठरा कळत नाही हो," मेघना रडवेल्या आवाजात म्हणाली. "वाढ थांबली एवढंच ते सांगतं. मी कॅनसाठी केलं होतं. सगळीकडे लिहितेय, सांगतेय. कोणी ऐकत नाही."

"लिवू नगा. बोंबला!" कौसाबाईने फोन आपटला. बोंबलून काय होतं ते तिला ठाऊक होतं, पण राग दुसरीकडे कुठे काढणार?

त्या दिवाळीनंतर अंकुशचा फोन आला. आवाज अगदी गोड होता. "विहीणबाई, मागलं इसरा. आपली ईश्वरी झाकणाला आली. टोळी निघायच्या आत घेऊन जावा."

लिंबाजीचा टेम्पो त्याच वाटेने जाणार होता. तो गावाबाहेर वडाखाली थांबला आणि मायलेक अंकुशच्या घरी गेले. ओसरीत पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरली होती आणि मधोमध कॅन ठेवला होता. ईश्वरी उंच झाली होती. बापाने खूण केल्यावर तिने कोणाकडेही न बघता पंजा ठेवला. हिरवा दिवा लागला. अंकुशने चुटकी वाजवली.

"झालं समाधान? दर अमावास्येला बघत व्हतो. ह्या बारीला उघडलं."

"वय किती?" कौसाबाईने विचारलं.

"ते झाकणाला इचारा की, विहीणबाई. भर माळावर तुमीच म्हणल्या, झाकण खोटं बोलत न्हाई."

कौसाबाईचं तोंड कडू झालं. "ते डब्यातलं इख लेकराच्या पोटात जाऊ नये म्हणून केलंय, अंकुशराव. पोरगी कधी द्यायची ते सांगायला न्हाई. आत्ता कुठं सोळाची झालीय ही. दहावीला हाय. म्या नेत न्हाई."

"माय, पुन्यांदा?" बिभीषण उसळला. "एकदा तुरुंगात घातलंस, पोट भरलं न्हाई का? आता तर झाकण बी उघडलंय!"

अंकुश भडकला नाही. तो नुसता हसला, आणि ते भडकण्यापेक्षा वाईट होतं. "नगा नेऊ. सोडचिठ्ठी लिहून द्या. पाटोद्याकडची दोन स्थळं बसून हायत. उघडलेली पोरगी म्हणल्यावर कोण न्हाई म्हणंल? आइतवारी उरकून टाकतो."

 कौसाबाईने इतकंच ठरवलं होतं, की नाही म्हणायचं आणि उठायचं. नाही म्हटल्यावर पोरीचं काय होणार, एवढा विचार तिने केलाच नव्हता.

"माजा हात तुमी धरला व्हता," ईश्वरी एकदम म्हणाली.

ओसरीत सगळे वळले.

"समद्यांसमोर धरून दाबला. मला इचारलं न्हाई. बापानं दर अमावास्येला दाबला, त्येनं बी इचारलं न्हाई. आता नेत न्हाई म्हणताय, तेबी मला न इचारताच." तिने हात पाठीमागे नेला. "तुमी समदे सारखेच हायत."

"ये, आत हो!" अंकुश ओरडला.

"थांबा," कौसाबाई म्हणाली. तिच्याने पोरीकडे बघवत नव्हतं, तरी तिने पाहिलं. "चुकलं माजं. आता इचारते. बोल, काय पायजे तुला?"

"दहावी द्यायचीय. इथं ऱ्हायले तर आइतवारी लगीन. तुमच्यासंगं आले तर ऊस. ह्यातलं कायबी नगं."

कौसाबाई गुडघ्यावर हात रोवून उठली. "नेते हिला. गठुडं बांध गं."

अंकुशला हायसं वाटलं. त्याने चहाची हाक दिली, पण ती थांबली नाही. पोरीने गठुडं आणलं, तशी तिला पुढे घालून ती बाहेर पडली. बिभीषण मागून मुकाट आला. त्याला वाटलं, म्हातारी वठणीवर आली.

गावाच्या बाहेर वडाखाली टेम्पो उभा होता. वर टोळीतल्या जोड्या बसल्या होत्या. कौसाबाई रस्त्यातच थांबली.

"बिभ्या, कोयत्याला जोडी लागती ना? ह्या हंगामाला म्या येते तुज्यासंगं. मोळ्या म्या वाहीन. ही भामाकडं ऱ्हाईल, शाळंत जाईल."

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा लाल झाला. "बाईल असताना आईला घेऊन तोडीला जाऊ? लोकं त्वांडात शेण घालतील माज्या! आन तुजे गुडघे?"

"गुडघे माजे हायत. तू काळजी करू नगंस."

"मला नगं असली बाईल! जी घरात न्हाई, रानात न्हाई!"

"मंग सोड की. म्या तिला तुज्यासाठी नेतच न्हाई."

बिभीषण तिच्या अंगावर धावून आल्यासारखा दोन पावलं पुढे आला आणि थांबला. टेम्पोवरची माणसं बघत होती. त्याने रस्त्यावरचा धोंडा लाथाडला, शिवी हासडली आणि टेम्पोकडे चालायला लागला. कौसाबाईला वाईट वाटलं; लेकच तो. पण तिने हाक मारली नाही.

ईश्वरी गठुडं छातीशी धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतला राग जरासुद्धा उतरला नव्हता. आभार मानायचा तिचा विचार दिसत नव्हता, आणि कौसाबाईला त्यात काही चूक वाटली नाही.

"शाळंचा दाखला घेतलास?"

"बापानं काढूच दिला न्हाई."

"मंग इकडं कुठं चाललीस बिनडोकासारखी? शाळा कंच्या अंगाला हाय?"

ईश्वरीने गावाकडे बोट केलं. टेम्पोचा हॉर्न वाजला. लिंबाजी खिडकीतून ओरडला, "कौसाबाई, येता का जाऊ?"

"थांब न्हाईतर जा, मर कुठंबी!" कौसाबाईने उलट आवाज दिला, आणि लंगडत, पोरीच्या मागून, ती गावाकडे परत वळली.